आधी मोडून दाखव

माझे आजोबा बेळगावचे. लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे. बंगळुरूला अलसूरच्या वर्कशॉपमध्ये बदली झाली आणि आमचं घर इथलंच झालं. त्यांच्याकडून शौर्यकथा मी कधी ऐकल्या नाहीत. ऐकलं ते स्प्रिंगा, खटके, तेल आणि नळी पुसायच्या 'चार-बाय-दोन'च्या चिंध्यांबद्दल.

त्यांचा जीव वेब्लीवर. बर्मिंगहॅमचं हे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजेनं १८८७ साली स्वीकारलं. १९१५चं सहावं मॉडेल महायुद्धाच्या चिखलात टिकलं. तोंड .४५५ इंचाचं, वजन किलोभराच्या वर. चाप ओढला की आतली कळ चक्राला एक घर पुढे ढकलते, घोडा मागे जातो आणि सुटतो. एखादं काडतूस फुसकं निघालं तरी अडत नाही, चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. पुढे १९३२ साली .३८चं एन्फिल्ड आलं, कारण .४५५चा धक्का नवशिक्या हातांना पेलत नसे. आजोबांना तो बदल पटला होता. हाताला न पेलणारं शस्त्र आधी आपल्याच माणसाला धोक्याचं, असं ते म्हणत.

पण ते रमत दुसऱ्याच गोष्टीत. घोड्याजवळची कळ अंगठ्यानं दाबली की वेब्लीची नळी खाली झुकते, चक्रातली चांदणी वर उठते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. ही करामत केली ती लढाईत झटपट पुन्हा भरता यावं म्हणून. आजोबांसाठी तिचा अर्थ वेगळा होता. कोतात, म्हणजे शस्त्रागारात, शस्त्र हातात देताना ते मोडूनच, म्हणजे असं उघडूनच द्यायचं. सहा भोकांतून पलीकडचा उजेड दिसला, की मगच घ्यायचं.

लष्करी बोअर, म्हणजे लष्करी मापाची नळी, नागरिकांना सहसा मिळत नाही. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी परवाना काढून त्याच कंपनीचं .३२ घेतलं. ते कपाटाबाहेर यायचं ते साफसफाईला आणि निवडणुकीला. आचारसंहिता लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागे. आजोबांमागून बाबा जाऊ लागले, कधी मीही सोबत असे. टेबलावर ठेवायच्या आधी बाबा ते मोडून दाखवत. मग नंबर जुळायचा, पावती मिळायची. त्या क्षणी मला बाबांचा फार अभिमान वाटे.

बाबांनंतर नातलग म्हणाले, आजोबांची आठवण आहे, परवाना स्वतःच्या नावावर करून घे. मी अर्ज केला नाही. आठवणीसाठी घरात रिव्हॉल्व्हर असावं, हे मला पटत नाही. आजोबांनाही पटलं नसतं. रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे दिलं.

कानपूरच्या सरकारी कारखान्यातली काही .३२ रिव्हॉल्व्हरं आजही तशीच मोडतात. जुन्या वेब्ली मात्र संग्रहालयांत बहुधा बंद स्थितीत, नेम धरल्यासारख्या मांडलेल्या दिसतात. निदान एक तरी उघडी ठेवा, अशी माझी मनापासून विनंती आहे. शाळेच्या सहलीला आलेल्या पोरांना ती सहा रिकामी घरं दिसायला हवीत.