गप्प बसणारी लायब्ररी

नेरळ, माथेरान आणि कर्जत यांचा पाऊस हवामान खात्याच्या जाळीत एकाच चौकोनात पडतो. पुण्याहून मिळणारी ही दैनंदिन पावसाची जाळी पाव अंशाची, म्हणजे एका चौकोनाची बाजू साधारण 27 किलोमीटर. आमची भातखाचरं आणि वरचा डोंगर, दोघांना मिळून आकडा एकच. 26 जुलै 2005च्या पावसाने माथेरानच्या गाडीचा मार्ग उद्ध्वस्त केला, गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं; जाळीत मात्र ती तारीख म्हणजे त्या वर्षाच्या फाइलमधली 206 क्रमांकाची नोंद. सी भाषेत मोजणी शून्यापासून, म्हणून 207 नाही.

या फाइली नेटसीडीएफ प्रकारच्या. माझ्याकडे आलेला त्या वाचणारा सी प्रोग्राम जुना, लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वळणाचा. तिथे एनसीऑप्ट्स नावाचं एक ग्लोबल व्हेरिएबल असतं आणि त्यात दोन बिट महत्त्वाचे: एक व्हर्बोज, एक फेटल. डिफॉल्टला दोन्ही चालू. चूक झाली की लायब्ररी बोंब मारते आणि प्रोग्राम जागच्या जागी संपवते. फेटल काढला तर नुसती बोंब. दोन्ही काढून शून्य ठेवलं तर फंक्शन मुकाट्याने उणे एक परत करतं. तो बघायचा की नाही, तुमची मर्जी.

या प्रोग्रामात ‘मेन’च्या पहिल्याच ओळीत शून्य होतं. एका खोलीतला दिवा नको म्हणून अख्ख्या वाडीचा मेन स्विच पाडावा, तसं. आत दिवसांचं लूप सरसकट 366 वेळा फिरणारं. लीप नसलेल्या वर्षी शेवटची नोंद फाइलमध्ये नसतेच, वाचन फसतं. पण ॲरेमध्ये आदल्या फेरीचे आकडे तसेच बसलेले असतात. म्हणजे 31 डिसेंबर दोनदा मोजला जातो. आपल्याकडे तेव्हा बहुधा कोरडं, शून्यात शून्य मिळवून बेरीज बरोबर येते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. हीच सवय जुलैच्या एखाद्या तुटक्या फाइलवर चालली तर आदल्या दिवशीचा मुसळधार पाऊस दुसऱ्या दिवशी पुन्हा पडेल. पावसाच्या हिशेबात उद्धट डिफॉल्टच मला बरा वाटतो.

शून्य लागतं, नाही असं नाही. नसलेल्या नोंदीचं चिन्ह कुठल्या ॲट्रिब्यूटमध्ये आहे हे फाइलला विचारताना ‘नाही’ हेही उत्तरच असतं; त्यासाठी प्रोग्राम मारायचं कारण नाही. तिथे मी एनसीऑप्ट्सची जुनी व्हॅल्यू एका लोकल व्हेरिएबलमध्ये घेतो, शून्य करतो, विचारतो, आणि पुढच्याच ओळीला जुनी व्हॅल्यू परत ठेवतो. थेट ‘दोन्ही चालू’ लिहीत नाही, कारण आपल्याला हाक मारणाऱ्या फंक्शनने आधीच काही बदललेलं असू शकतं.

1997च्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक फंक्शन स्वतःचा एरर कोड परत करतं, म्हणून नव्या फंक्शनांना हा फ्लॅग लागत नाही. पण जुनी व्हॅल्यू जपायची सवय तिथेही कामाची: फाइल आधी रिकाम्या आकड्यांनी भरायची की नाही, हे ठरवणारं फंक्शन तर जुना मोड ठेवायला पॉइंटर मागतं. तिथे बरेच जण नल देऊन मोकळे होतात.