इंचाला अडीच तोळे

गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा हात कानाच्या वर जात नाही. शर्ट घालताना दुखरा हात आधी बाहीत सारायचा असतो, हे एकसष्टाव्या वर्षी शिकलो. लाठी चालते, पट्टा अर्धामुर्धा चालतो, फेक बंद. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय, वर्ष-दीड वर्ष घेईल. मी विचारलं, "आणि फेकीचं?" त्यांना वाटलं, या वयात मी क्रिकेट खेळतो.

त्याच दिवसांत ती मुलगी दप्तरात खंजीर घेऊन आली.

मेहरूण तलावाच्या काठी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण लाठी-पट्ट्याला जमतो. त्यांतली ही सगळ्यांत उशिरा लागलेली आणि सगळ्यांत लवकर शिकलेली. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला. दुसरी पाळी असली की यायची नाही. त्या दिवशी सुट्टी होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेला खंजीर काढून तिनं माझ्यापुढे धरला. मोबाईलवरून मागवलेला. दुधारी, पातं दहा इंची, एकूण सव्वा फूट, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. पगारातून साठवून घेतलेला.

"आबा, हाऊ हातमा धराले बी चाली ना, आन् फेकाले बी? एकच लिधा."

मी तो आडवा करून तर्जनीवर तोलला. तोल आडव्या पट्टीच्या दोन बोटं मागे, मुठीत. नखानं मूठ टिचकावली तर आवाज पोकळ. म्हणजे पात्याची शेपटी मुठीत बोटभर जाऊन संपलेली, पुढं नुसता चिकटा. लाटांची नक्षी तेजाबानं काढलेली, पोलादाच्या घड्या घालून आलेली नव्हे. हा ओंडक्यावर तिसऱ्या फेकीला मुठीतून निसटणार. हे सगळं मी तिला सांगितलं. मग तोल सांगितला, वजन सांगितलं, फेकीच्या हत्याराचं इंचाला अडीच तोळे हे माप कुठून येतं ते सांगितलं. अर्धा तास गेला. पोरं लाठ्या टेकवून ऐकत बसली. मला बोलायला आवडतं, त्यात हा विषय म्हणजे माझी दुखरी दाढ.

कारण तिनं विचारलं तेच मी 1991 पासून स्वतःला विचारत आलोय.

हातात राहायचं हत्यार मुठीकडे जड लागतं. मनगट जरा वळलं की टोक आपसूक वळावं, पुढून ओढ नको. फेकीचं हत्यार मध्यावर तुललेलं हवं, नाहीतर टोकाकडे किंचित जड. हातातल्याला आडवी पट्टी हवीच, नाहीतर पंजा घसरून आपल्याच धारेवर जातो. फेकीत तीच पट्टी सुटताना बोटाला अडते आणि गिरकीला नको तेवढा झटका देते. हातातल्याला दोन्ही कडांना धार हवी. फेकीच्याला नुसती अणी पुरते. धार असलीच तर पात्यात धरून फेकणाऱ्याची बोटं जातात. मोठं असावं, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत. लांब हत्यार गिरकी सावकाश घेतं, म्हणून वीतभर अंतर चुकलं तरी माफ करतं.

इथवर कोणीही सांगेल. खरी मारामारी पाण्याशी आहे. तलावाच्या नव्हे, पोलादाच्या.

ट्रकच्या कमानीचा पाटा घ्या. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत लाल करा, तेलात बुडवा. आता तो काचेसारखा आहे, खाली पडला तरी तुटेल. म्हणून कानशीनं एक बाजू उजळ करून परत हळूहळू तापवायचा आणि रंग बघत बसायचं. आधी गव्हाळ येतो, मग तांबूस, मग वांग्याचा जांभळा, मग मोरपंखी निळा. हे रंग पात्यावरून मांजरासारखे चालत येतात आणि तुम्ही पापणी लववली की पुढं निघून जातात. गव्हाळावर थांबवलं तर धार टिकते, पण ओंडक्यावर आडवं आपटलं की टोक मोडतं. निळ्यावर थांबवलं तर हजार वेळा आपटा, फार तर वाकेल, पण धार आठ दिवसांत लोण्याची. हातातल्याला गव्हाळ पाहिजे, फेकीच्याला निळा. टोक निळं आणि कडा गव्हाळ ठेवायचा खटाटोप मी चार उन्हाळे केला. जळगावच्या मे महिन्यात, भट्टीपुढं. शेजारी म्हणायचे, याला बाहेरची बाधा झालीय.

पहिला खंजीर तेरा इंची. बाभळीच्या ओंडक्यावर पुढचे दोन इंच गेले. दुसरा निळा, सुंदर रुतायचा, पण समोरून लाठी बसली की केळफुलासारखा मान टाकायचा. तिसऱ्यात मी फिटरकी लढवली. मुठीच्या बुडाला पितळी बोंड, लेथवर बारीक आटे पाडून बसवलेलं. बोंड आवळलं की तोल मुठीत, काढलं की मध्यावर. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यांत देखणी वस्तू. वस्तादांना दाखवली. त्यांनी बोंड काढलं, लावलं, परत काढलं आणि विचारलं, "समोरचा तोवर थांबी का?"

वस्ताद कमी बोलायचे. फेकीबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं: "फेकं, ते गयं." मी ते म्हातारपणाचं बोलणं समजायचो. त्यांचा खांदाही तेव्हा गेलेला होता, हे आत्ता लक्षात येतं.

चौथा प्रयत्न विट्यावरून सुचला. विटा म्हणजे मनगटाला दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. फेकलं ते गेलं, यावर मराठ्यांनी काढलेला तोडगा. मी म्हटलं, खंजिराला दोरी बांधू. मुठीच्या टोकाला भोक पाडलं, नायलॉनची दोरी ओवली. विटा सरळ जातो, गिरक्या घेत नाही, म्हणून त्याची दोरी त्याच्याभोवती गुंडाळत नाही. एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला मला नडगीवर पाच टाके पडावे लागले. खंजीर दोरी लपेटून आडवा आपटला, मी सवयीनं ओढला, तो आला. घरी सांगितलं, नांगराचा फाळ लागला. आमच्याकडे तेव्हा शेत नव्हतं. बायकोनं काही विचारलं नाही.

एवढं होऊनही फेक मी का सोडली नाही, ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मिरवणुकीसाठी. आमच्याकडे गणपती मेहरूण तलावात विसर्जन होतात. अख्खं जळगाव रस्त्यावर असतं. पट्ट्याला लोक मान डोलावतात, लाठीला वा म्हणतात. सुरा हवेतून गिरकी घेत जाऊन खच्चकन रुतला की शिट्टी येते. त्या शिट्टीसाठी मी केळीचं खोड उभं करायचो. केळीच्या जिल्ह्यात खोडांना काय तोटा, घड उतरवला की शेतकरी फुकट देतो. आणि केळीच्या खोडात काहीही रुततं. वाकडं फेका, उशिरा सोडा, उलथनं फेका. खोड कोणालाच नाही म्हणत नाही. फक्त चीक उडतो आणि पांढऱ्या सदऱ्यावर काळे डाग ठेवून जातो, जन्मभर न निघणारे. ते डाग मी पदकांसारखे मिरवले. जाणकार माणूस सावरीचा ओंडका आडवा कापून, त्याच्या रेषांचं तोंड आपल्याकडे करून लावतो. तिथं खरं-खोटं कळतं. मी सराव सावरीवर करायचो आणि मिरवणुकीत केळी.

आता पोरं मोबाईलवर चित्रफिती टाकतात. त्यात रुतलेल्या फेकी तेवढ्या दिसतात. नव्वद चुकलेल्या कापलेल्या असतात. त्यांना नावं ठेवायचा मला काय हक्क, मी तेच केळीच्या खोडानं करत होतो. तरी ठेवतो. कोल्हापूरकर भेटले की म्हणतात, खानदेशात मर्दानी खेळ आहे का? त्यांच्या तालमी मोठ्या, मान्य, पण त्यांचं बोलणं त्याहून मोठं. 2024 मध्ये सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. पट्ट्याचं लवचीक पातं घडवणारा हात मला पंचक्रोशीत कुठं सापडत नाही, हे पेढा तोंडात असताना कसं बोलायचं?

त्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली. मी गेलो बघायला. ती शिवाजी महाराजांचीच की नाहीत यावर रांगेत वाद चालला होता. त्या संग्रहालयानंही तशी खात्री दिलेली नाही. मी बोटात घालायच्या कड्या बघत होतो. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली वापरली म्हणतात ती दोन हत्यारं, वाघनखं आणि बिचवा, दोन्हींना हात अडकवायला कडी असते. मूठ ढिली झाली तरी हत्यार पडत नाही. कट्यारही तशीच. आडव्या दांड्यावर मूठ आवळायची आणि ठोशासारखी चालवायची. ती फेकून बघा, मांजराचं पिल्लू फेकल्यासारखी जाते. जंबिया वाकडा, त्याची गिरकी दर वेळी वेगळी. जुन्या माणसांनी हातातलं हत्यार हातातून सुटू नये म्हणून एवढी डोकी लढवली आणि मी तीस वर्षं ते सुटावं कसं याच्या मागं. सातपुड्यातल्या भिलांनाही कोणी शिकवावं लागलं नाही. लांबच्याला तीर, जवळच्याला सुरा. तीरानं कोणी कांदा चिरत नाही.

तर हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. साताऱ्यासकट. अंधार पडला, पोरं उठली. तिनं खंजीर परत वर्तमानपत्रात गुंडाळला आणि म्हणाली, "मंग रातले काय लयजाऊ?"

तेव्हा मला कळलं, अर्ध्या तासात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की हे कशासाठी.

दुसरी पाळी रात्री सुटते. अजिंठा चौफुलीपर्यंत बरोबरच्या बाया असतात, तिथून इच्छादेवीच्या बाजूला ती एकटी. महिनाभर एक मोटारसायकल मागं येत होती, हळू, दिवा बंद करून. घरी सांगितलं तर काम सुटेल. म्हणून खंजीर. मोठा, म्हणजे दिसेल. आणि फेकता येणारा, म्हणजे जवळ जावं लागणार नाही.

मी तोलाबद्दल बोलत होतो.

मग जे सांगायचं ते सांगितलं. नऊ इंचांहून लांब पातं शस्त्राच्या कायद्याखाली येतं. सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई हुकूम निघाला की त्याहून आखूडही जवळ बाळगता येत नाही. पोलिसांनी दप्तर उघडलं तर मोटारसायकलवाला साक्षीदार होईल आणि ती आरोपी. आणि फेकलास तर तुझा हात रिकामा, त्याच्याकडे खंजीर. वस्तादांचं वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून गेलं, तेही त्यांच्याच चालीत. दुसऱ्या दिवसापासून आमच्यातली दोन पोरं रात्री बाराला चौफुलीवर चहा प्यायला जाऊ लागली. तिच्या मागून दहा पावलांवर चालत येतात. आठवडाभरात मोटारसायकल दिसेनाशी झाली. पोरांना मात्र त्या चहाची सवय लागली.

खंजीर तिनं परत पाठवला नाही, माझ्याकडे दिला. मी चिकटा काढला. शेपटी निघाली खरोखर बोटभर. पातं कापून साडेआठ इंचांवर आणलं, कडा बोथट केल्या, कापलेल्या जागी शेपटीला कमानीचं पोलाद जोडून मुठीच्या बुडापर्यंत नेलं, आडवी पट्टी टाकून दिली. निळ्यावर पाणी उतरवलं. आता तो हातात धरायच्या कामाचा नाही, फक्त फेकीचा. वजन एकतीस तोळे, साडेबारा इंचाला जवळजवळ बरोबर.

परवा तिनं तो सावरीच्या ओंडक्यावर फेकला, बारा फुटांवरून, एका गिरकीत. मी ओट्यावर बसलो होतो, उजवा हात मांडीवर. आवाजावरूनच कळलं. कानाला गोड, ओला आवाज, खोल गेल्याचा. पोरं ओरडली. ती माझ्याकडे बघत होती.

"पाय सरकला तुझा," मी म्हणालो.

तिनं खाली बघितलं. मीही बघितलं. मातीत अंगठ्याचा ठसा होता, जिथं उभी राहिली तिथंच, कोरल्यासारखा. तिनं खंजीर ओंडक्यातून हलवून हलवून काढला, परत त्याच ठशावर पाय ठेवला आणि मी पुढं काय म्हणतो म्हणून थांबली.