मामांनी न पाहिलेले सोल

आमचे दादामामा कोरियाला जाऊन आले होते, आणि तरीही त्यांनी कोरियातले एकही शहर पाहिले नव्हते. आम्हा भाच्यांना या गोष्टीची मोठी गंमत वाटे. घरी पाहुणे आले की आम्ही मुद्दाम विचारायचे, "मामा, सोल कसे आहे हो?" मामा हसून म्हणायचे, "मला काय ठाऊक? मी वरूनच गेलो!"

गोष्ट अगदी खरी होती. १९५३ साली कोरियातले युद्ध थांबले, पण मायदेशी परत जायला तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांच्या देखरेखीसाठी भारताने फौज पाठवली. तिचे सेनापती होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. परंतु दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर राग. भारतीय शिपायाने आपल्या भूमीवर पाऊल ठेवता कामा नये, असा त्यांचा हट्ट. शेवटी इंचॉनच्या बंदरात जहाजावरूनच आपल्या जवानांना हेलिकॉप्टरात बसवले आणि थेट सरहद्दीच्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवले. तिथे तंबू, काटेरी तारा आणि हाडे गोठवणारी थंडी. पुढच्या वर्षी मामा परतले ते तळपायांना पडलेल्या भेगा घेऊन. दर हिवाळ्यात मामी त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी फिरवीत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

मामा आता नाहीत. मी आणि सौ. सोलला निघालो तेव्हा नव्वदीच्या मामींनी जवळ बोलावले. "यांच्याने तिथून साधी टाचणी आणवली नाही. तू काहीतरी आण. शोभेचे नको हो, घरात वापरायचे आण."

आमचे विमान उतरले तेही इंचॉनलाच! पारपत्रावर शिक्का बसायला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या शिक्क्याकडे मी जरा जास्तच वेळ पाहत राहिलो. मागचे लोक खोळंबले तेव्हा सौ.ने कोपर मारले.

सोल ही १३९४ पासूनची राजधानी. १९५० ते ५१ या एका वर्षाच्या आत हे शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेले. आज त्याची खूण शोधू गेले तर सापडत नाही. रुंद रस्ते, काचेच्या उंच इमारती, आणि जमिनीखाली घड्याळाबरहुकूम धावणारी आगगाडी. ग्योंगबोकगुंग हा मुख्य राजवाडा १३९५ चा. १५९२ च्या जपानी स्वारीत तो जळाला, पुढे १८६७ त पुन्हा उभा राहिला, जपानी अमलात पुन्हा पाडापाडी झाली आणि अलीकडच्या दशकांत पुन्हा बांधला जात आहे. पाठीशी डोंगर, पुढे प्रशस्त चौक. हानबोक हा पारंपरिक पोशाख घातला तर प्रवेश फुकट! तेव्हा सारे अंगण रंगीबेरंगी घेरांनी फुललेले.

वाड्यासमोरच्या रस्त्यावर राजा सेजोंगचा पुतळा आहे. १४४३ साली या राजाने आपल्या प्रजेसाठी हांगुल ही लिपी तयार करवली. तिची गंमत अशी की स्वर आणि व्यंजन जोडून एकेक अक्षर चौकटीत बसवायचे. बाराखडी घोकलेल्या माणसाला ती दोन संध्याकाळींत लागते. अर्थ कळत नसताना मी दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटलो आणि सौ.ला लाज आणली.

पोटाची काळजी होती, कारण सौ. शाकाहारी. ग्वांगजांग बाजारात शिरलो. १९०५ सालचा हा बाजार. एका गाळ्यात भिजवलेले मूग जात्यावर दळून, मोड आलेले कडधान्य घालून, तव्यावर तेलात जाड पोळे सोडत होते. सौ. थबकली. "अहो, हे तर मुगाचे धिरडे!" त्याचे नाव बिंदेत्तोक. त्यात बहुधा मांस घालतात. म्हणून पाठ केलेले वाक्य मी म्हटले, "कोगी पे जुसेयो", म्हणजे मांस वगळा. गाळ्यावरच्या बाईंनी मान हलवून नुसत्या मुगाचे धिरडे घातले. अशा बाईंना तिथली गिऱ्हाइके 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण. मावशीच की!

दुसऱ्या दिवशी नामदेमुन बाजार. शेजारची वेस १३९८ ची. युद्धातून वाचली, पण २००८ साली एका माथेफिरूने पेटवली. पाच वर्षे खपून लोकांनी ती पुन्हा उभी केली. बाजारात मोज्यांचे ढीग, वाळवलेले समुद्रशेवाळ, जिनसेंगची मुळे. "काक्का जुसेयो", किंमत कमी करा, हे म्हटले की दुकानदार खूष होतो, आणि किंमत थोडी कमीही करतो. मोजे घेतले, पण मामींची वस्तू काही मिळेना.

ती मिळाली इन्सादोंगच्या गल्लीत, कागदाच्या आणि चहाच्या दुकानांमध्ये. एका लहानशा दुकानात पिवळसर धातूची भांडी मांडली होती. विक्रेत्याने वाटीवर टिचकी मारली आणि नाद घुमत राहिला. अठ्ठ्याहत्तर भाग तांबे, बावीस भाग कथील, असे तो बोटांवर सांगू लागला. जुन्या घरांतून भात याच भांड्यांत वाढत, म्हणाला. किंमत ऐकून मी मागे सरलो, सौ.ने मात्र पर्स उघडली.

मुंबईला आल्यावर वाटी मामींच्या हातात दिली. त्यांनी ती कानाशी नेऊन वाजवली, बोट फिरवले. "अरे, हे तर आपले कासे!"

मी म्हटले, "मामी, मामांना ज्यांनी खाली उतरू दिले नाही, त्यांच्या घरातली आहे."

मामी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांचे तरी काय चुकले? घर जळत असताना दारात आलेल्या माणसाला कोण बस म्हणतो?" आणि पाय लांब करून सौ.ला म्हणाल्या, "जरा तूप आण ग. जन्मभर त्यांचे तळपाय घासले. माझे कोणी घासायचे?"

मी वाटी घेऊन त्यांच्या पायाशी बसलो.