28 डिग्रीला बरोबर

"दूधच पातळ हाय तात्या. मशीन काय खोटं बोलतंय व्हय?"

बावड्याच्या दूध संकलन केंद्रावर भरल्या रांगेत माझ्या वडिलांना हे ऐकावे लागले. ज्यांच्या घरी गाई आहेत त्यांना यातला डंख समजावून सांगावा लागणार नाही. "दूध पातळ आहे" म्हणजे "तुम्ही पाणी घालता". तात्यांनी आयुष्यात किटलीत पाण्याचा थेंब घातला नाही. उलट धार काढण्याआधी आई भांडे पालथे घालून निथळते. त्या दिवशी तात्या काही न बोलता घरी आले आणि संध्याकाळचे दूध घालायला गेलेच नाहीत, आईला पाठवले. मला हे आईने फोनवर सांगितले, तेही दुसऱ्याच कशावरून बोलता बोलता.

बावडा इंदापूर तालुक्यात आहे. नीरा ओलांडली की पलीकडे अकलूज. ऊस सगळ्यांचाच, पण उसाचे पैसे येतात तेव्हा येतात. घर चालते ते दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारावर. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) या दोन आकड्यांवर बांधलेला असतो. त्याच्या खाली पॉइंटमागे पैसे कापतात, वर गेले तर थोडे वाढवतात. मी पुण्यात डेटाबेस तपासण्याचे काम करते. एका कंपनीची माहिती एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेतात, तेव्हा एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतली, तीच एक्स्प्रेशन्स दोन्हीकडे तीच उत्तरे देतात का, हे पाहणे हा माझा रोजचा उद्योग. गावात "ती कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढेच ठाऊक आहे आणि तेवढे पुरते.

सुट्टीला घरी आले तेव्हा आईने डब्यातल्या पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. उन्हाळा सुरू झाल्यापासून एसएनएफ पडला होता. आधी 8.8, 8.9 असायचा, आता रोज 8.4. उन्हाळ्यात एसएनएफ उतरतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणालाच नवल वाटले नव्हते. डॉक्टरांना बोलावून झाले होते. मिनरल मिक्श्चरची पोती आणून झाली होती. मुरघास बदलला, सरकी पेंड वाढवली. पगार घटत होता आणि गोठ्यावरचा खर्च वाढत होता. एवढे करून 8.4 काही हलेना.

मला खटकले ते हेच, की तो हलत नव्हता. आमच्या केंद्रावर फॅट मशीनवर काढतात आणि डिग्री, म्हणजे दुधाच्या घनतेचा आकडा, लॅक्टोमीटरवर बघून कॉम्प्युटरमध्ये टाकतात. एसएनएफ सॉफ्टवेअर काढते. सूत्र जुने आहे: डिग्री भागिले चार, त्यात फॅटच्या पाव पट, त्यात 0.44. शेवटचे आकडे संघागणिक थोडे बदलतात, पण "भागिले चार" सगळीकडे असते. पावत्यांवर डिग्री कधी 29 होती, कधी 30, एक-दोनदा 31. फॅट 3.8 च्या आसपास. आणि एसएनएफ प्रत्येक वेळी 8.4! डिग्री दोनने वाढली तर एसएनएफ अर्ध्याने वाढायला हवा. तो जागेवरून हलत नाही याचा अर्थ दुधात काही बिघडलेले नाही, भागाकार बिघडला आहे.

लॅपटॉप उघडून मी एक ओळ लिहिली, सिलेक्ट 31 / 4. मायएसक्यूएलमध्ये उत्तर आले 7.75. ओरॅकलही 7.75 देतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये तीच ओळ, उत्तर 7. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आणि मोबाइलमध्ये असतो तो एसक्यूलाइट, दोघांचेही उत्तर 7. यातला कोणताही डेटाबेस चुकलेला नाही. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर पूर्णांकच द्यायचा, उरलेले टाकायचे, असा काहींचा नियम आहे, काहींचा नाही. भागाकाराचे उत्तर किती दशांशांपर्यंत द्यायचे हे एसक्यूएलच्या मानकाने बनवणाऱ्यावर सोडलेले आहे. 4 ऐवजी 4.0 लिहिले असते तर सगळ्यांनी 7.75 च दिले असते. केंद्रात अर्धी डिग्री कोणी लिहीत नाही, म्हणून डिग्रीचा रकाना पूर्णांकाचा. सॉफ्टवेअरवाल्यांनी त्या हंगामात खालचा डेटाबेस बदलला होता, आणि नवा 7 देणाऱ्यांतला होता. हे नंतर त्यांच्याच माणसाने फोनवर सहज सांगितले.

आता याचा अर्थ काय झाला ते सविस्तर सांगते, कारण ज्याला ज्याला सांगितले त्याने "हो का, दशांशाची चूक" म्हणून सोडून दिले. 3.8 फॅट धरा. 28 डिग्रीच्या दुधाचा एसएनएफ 8.39, पावतीवर 8.4. अगदी बरोबर, कारण 28 ला चारने पूर्ण भाग जातो. 29 ला खरा एसएनएफ 8.64, पावतीवर 8.4. 30 ला खरा 8.89, पावतीवर 8.4. 31 ला खरा 9.14, पावतीवर तोच 8.4. म्हणजे 28 पासून 31 पर्यंतचे सगळे दूध एका किमतीचे झाले. ज्याचे दूध जितके कसदार, त्याचे नुकसान तितके मोठे. 31 च्या दुधात पाणी घालून ते 28 वर आणले तरी एसएनएफमध्ये जेमतेम एक पॉइंट जात होता, तोही फॅट उतरल्यामुळे. तिकडे 27 डिग्री लागलेल्याचा एसएनएफ 8.1 यायच्या ऐवजी 7.4 येत होता, आणि असे दूध परत पाठवतात. आमच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या बाईंची एकच गाय. त्यांचे दूध दोन वेळा परत आले. त्यांनी ते नासवले नाही, शेजारी वाटून टाकले. आमच्या घरीही आले होते त्यातले. चांगले दूध होते.

सगळे दूध सारखेच कमी मोजले गेले असते तर अख्खे गाव ओरडले असते. इथे 28 वाल्याला काही तक्रार नव्हती, 32 वाला खूश होता, कारण त्यालाही पूर्ण भाग जातो. मधले लोक एकेकटे होते आणि प्रत्येकाला वाटत होते की आपल्याच गोठ्यात काहीतरी बिघडले. जो ओरडेल त्याला "दूधच पातळ" हे उत्तर तयार होते. माणसाने वजनात मारले तर त्याचा हात धरता येतो. इथे हात कोणाचा धरायचा? केंद्रावरच्या मुलाने पावतीवर जे आले तेच वाचून दाखवले होते. त्याच्यावर माझा राग होता, आता नाही.

त्याच मुलाला घेऊन मी रात्री, संकलन आटोपल्यावर, चाचणीच्या खात्यावर 28, 29, 30, 31 डिग्री टाकून चार पावत्या काढल्या. फॅट एकच. चारही पावत्यांवर 8.4. त्याला मी काही समजावले नाही. त्याने चारही हातात घेतल्या, पाहिल्या आणि म्हणाला, "ताई, हे तर लहान पोरालाबी कळंल." कळले असते, कोणी पाहिले असते तर.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. पहिले उत्तर होते, "टेस्टिंग झालंय मॅडम." कोणत्या आकड्यावर, म्हणून विचारले. 28 डिग्री. 28 तोंडी हिशेबाला सोपे पडते, म्हणून त्यांनी 28 टाकले, जुन्या सॉफ्टवेअरशी ताडून पाहिले, जुळले. दुसरे उत्तर होते, "डेटाबेसचाच नियम आहे तो, आम्ही काय करणार?" हे उत्तर मला अजून डाचते. नियम माहीत असणे हेच तर त्यांचे काम. ज्याला नियम माहीत नसण्याचा हक्क आहे, त्या माझ्या बापाला रांगेत चोर ठरवले गेले.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. एस. सुदर्शन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक्सडेटा नावाचे काम केले आहे. सुदर्शन म्हणजे जगभर शिकवल्या जाणाऱ्या डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक. एक्सडेटामागची कल्पना मला फार आवडते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, बरोबर आहे का हे वाटेल त्या माहितीवर चालवून कळत नाही. क्वेरीत जराशी चूक झाली असती तर उत्तर वेगळे आले असते, अशी माहिती मुद्दाम तयार करावी लागते. त्यांचा भर जोडणी, तुलनेची चिन्हे, बेरीज-सरासरी यांतल्या चुकांवर आहे, पण तत्त्व आमच्या केंद्रालाही तसेच लागू पडते. 28 वर बरोबर सूत्र आणि चुकलेले सूत्र एकच उत्तर देतात, म्हणून 28 वरची चाचणी ही चाचणीच नव्हे. 29 टाकले असते तर तिथेच उघडे पडले असते.

डेटाबेस स्वतःच चुकतो का, हेही तपासणारे लोक आहेत. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात मॅन्युएल रिगर आणि झेनडाँग सू यांनी 2020 मध्ये या विषयावर लागोपाठ काम प्रसिद्ध केले. त्यांच्या एसक्यूलान्सर या साधनाने एसक्यूलाइट, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस अशा मुरलेल्या डेटाबेसांतल्या शेकडो चुका शोधल्या. त्यातली एक युक्ती इतकी साधी आहे की ती मी आईलाही सांगितली. एसक्यूएलमध्ये कोणत्याही अटीची उत्तरे तीन असतात: खरे, खोटे आणि माहीत नाही. रकाना रिकामा, म्हणजे नल असेल, तर "28 पेक्षा जास्त का?" याचे उत्तर होही नाही आणि नाहीही नाही. म्हणून अट खरी असलेल्या ओळी, खोटी असलेल्या ओळी आणि माहीत नसलेल्या ओळी, तिन्ही मिळून सगळ्या ओळी झाल्याच पाहिजेत. झाल्या नाहीत तर डेटाबेस चुकला.

आई ऐकत होती, आणि तिने विचारले, "मग लाईट गेल्यावर घातलेलं दूध कुठल्या ढिगात?" केंद्रावर लाईट गेली की दूध मोजून घेतात, डिग्री नंतर भरू म्हणून सोडतात, आणि कधी कधी ती राहून जाते. मी दहा दिवसांच्या अहवालात 28 च्या वरचे लिटर आणि 28 पर्यंतचे लिटर यांची बेरीज केली. टँकरमध्ये गेलेल्या लिटरशी ती जुळेना. डिग्री रिकामी, म्हणून एसएनएफ रिकामा, म्हणून दर रिकामा, म्हणून लिटर गुणिले दर हेही रिकामे. आणि एसक्यूएलची बेरीज रिकामी रक्कम मुकाट्याने वगळून पुढे जाते. ते दूध टँकरमध्ये होते, बिलात नव्हते. हे शोधले आईच्या प्रश्नाने, माझ्या शिक्षणाने नाही.

मी वर म्हटले की कोणताही डेटाबेस चुकलेला नाही. ऑफिसात मी हेच म्हणते. असा भागाकार सापडला की "नियमानुसार" असा शेरा मारून पुढे जाते. पण बावड्यात बसून ते वाक्य मला तितके सोपे वाटत नाही. ज्या भाषेत शून्याने भागले तर पोस्टग्रेस ओरडून थांबतो, तीत पाऊण एसएनएफ फेकून देताना एक शब्दही न बोलणे हे बरोबर कसे? मग पुन्हा वाटते, पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलेले आहे, वर्षानुवर्षे लिहिलेले आहे, आणि तिथल्या लोकांइतकी काळजी दुसरे कोणी घेत नाही. पुण्यातही कितीतरी जण त्यावर काम करतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे आणि राग विरत नाही, दोन्ही एकदमच.

दूध घालणाऱ्यांना माझे सांगणे आहे: पावत्या फेकू नका. डिग्री वाढली आणि एसएनएफ वाढला नाही तर गाईकडे नंतर पाहा, आधी भागाकार करा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतो. केंद्राने कॉम्प्युटर बदलला, सॉफ्टवेअर बदलले, तर त्या आठवड्यात चार वेगवेगळ्या डिग्रीच्या पावत्या शेजारी ठेवून पाहा. आणि सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी 28 वर चाचणी करणे बंद करावे. लॅक्टोमीटर दिसेल ते सगळे आकडे टाका, रिकामा रकाना टाका, शून्य फॅट टाका. एक दिवसाचे काम आहे.

4 चे 4.0 झाले. त्यांनी ते एका संध्याकाळी केले, कोणाला न सांगता, आणि दुसऱ्या सकाळी आमचा एसएनएफ 8.9 आला. केंद्रावर कोणीतरी तात्यांना म्हणाले, मिनरल मिक्श्चर लागू पडलं म्हणायचं. फरकाची रक्कम मागितली तेव्हा सांगण्यात आले की तक्रार आली त्या तारखेपासून देऊ, मागचे नाही. मागचे पाहायचे तर ज्यांच्याकडे पावत्या असतील त्यांचेच. आमच्याकडे होत्या. त्या म्हाताऱ्या बाईंकडे नव्हत्या, आणि परत पाठवलेल्या दुधाची पावती तर फाडतच नाहीत. तात्या म्हणतात, आपले मिळाले, आता सोड. मी सोडलेले नाही. लाईट गेल्यावर राहून गेलेल्या नोंदी सोडल्या तर डिग्री आणि फॅट प्रत्येक संकलनाला नोंदलेले आहेत, ते आजही त्याच डेटाबेसमध्ये पडून आहेत. पावती नसली तरी त्यांवरून खरा एसएनएफ काढता येतो. ती क्वेरी मी लिहून दिली आहे. ती चालवायला केंद्राच्या संचालकांची सही लागते. अर्जावर वस्तीवरच्या बऱ्याच जणांच्या सह्या झाल्या आहेत, तात्यांची अजून नाही.