बंद पडलेली गाडी

घरात कोणी आजारी पडले, की सल्ला देणाऱ्यांची उणीव भासत नाही. कोणी काढा सुचवितो, कोणी लेप सुचवितो, कोणी दूरच्या एखाद्या वैद्याचे नाव सांगतो. मात्र आजाऱ्याजवळ बसून 'नेमके काय होते आहे?' असे विचारणारा एखादाच निघतो. यंत्रांच्या नशिबीही हेच येते. माणूस निदान कण्हून तरी आपले दुखणे सांगतो. यंत्राला ती सोय नाही, असे आपण समजतो. हा समज कितपत खरा आहे, हे वाईजवळच्या एका खेड्यातील पुढील हकिकतीवरून दिसून येईल.

१९९४ सालचा मे महिना होता. त्या खेड्यातील एका गृहस्थाजवळ पेट्रोलवर चालणारी एक जुनी मोटार होती. उन्हाळ्यात हवा पालटण्यासाठी आलेल्या प्रवाशांना वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीस व महाबळेश्वरास न्यावे, यावर त्यांचा संसार चाले. पाऊस सुरू झाला, की प्रवासी संपत. म्हणून एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत जे हाती लागेल, ते वर्षभर पुरवावे लागे.

घरातील फळीवर एक पत्र्याचा डबा होता. त्यात ६०० रुपये साठले होते. मुलगी नुकतीच सातवी उत्तीर्ण झाली होती. जूनपासून तिला ५ किलोमीटर दूर, वाईच्या शाळेत जावयाचे होते. तिच्यासाठी एक जुनी सायकल घ्यावी, म्हणून ते पैसे बाजूला टाकले होते. डब्यात किती रुपये आहेत, हे त्या मुलीला कोणीही न विचारता सांगता आले असते.

एके दिवशी सकाळी सहा वाजता वडिलांनी गाडीची किल्ली फिरविली. 'टक्' असा एकच आवाज झाला आणि पुढे सारे शांत. त्यांनी चोक ओढला, पुन्हा किल्ली फिरविली, पुन्हा तेच. आठ वाजता वाईच्या बसस्थानकावर प्रवासी वाट पाहणार होते.

थोड्याच वेळात अंगणात माणसे जमली. एकाने सांगितले, "बॅटरी संपली. नवी घ्या." दुसरा म्हणाला, "बॅटरी नव्हे, स्टार्टर जळाला." तिसऱ्याला पेट्रोलमध्ये कचरा असल्याची खात्री होती. प्रत्येकाच्या बोलण्यात आत्मविश्वास भरपूर होता. पण बोनेट उघडून आत पाहण्याचे कष्ट कोणीही घेतले नव्हते. नवी बॅटरी म्हणजे दीड हजार रुपयांचा खर्च. निम्मे पैसे रोख दिले, तर दुकानदार उरलेले उधार ठेवील, असेही कोणी सुचविले. वडील काही न बोलता घरात गेले आणि त्यांनी फळीवरचा डबा खाली काढला. मुलगी दाराशी उभी राहून पाहत होती. तीही काही बोलली नाही.

ओटीवर आजोबा बसले होते. १९४८ साली पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. त्यानंतर चारच वर्षांनी ते एस. टी.च्या नोकरीत शिरले आणि आगारात गाड्या दुरुस्त करण्यात त्यांनी ३० वर्षे घालविली. आता मोतीबिंदूमुळे त्यांना फार अंधुक दिसे. डब्याचे झाकण वाजलेले त्यांनी ऐकले आणि नातीला जवळ बोलाविले.

"काय झाले, बाळ?"

"आजोबा, गाडी बिघडली."

"ते तुझे दुःख झाले, माहिती नव्हे. किल्ली फिरविल्यावर काय झाले, ते सांग."

"एकदाच टक् झाले. इंजिन फिरलेच नाही."

"म्हणजे पेट्रोलचा अपराध नाही. इंजिन फिरत असूनही सुरू होत नसते, तर पेट्रोल पाहावे लागले असते, ठिणगी पाहावी लागली असती. इथे ते फिरतच नाही. आता तू माझे डोळे हो. बाबांना पुढचे दिवे लावायला सांग आणि ते किल्ली फिरवितील तेव्हा दिव्यांकडे पाहा."

मुलगी गाडीसमोर जाऊन उभी राहिली. वडिलांनी दिवे लावले व किल्ली फिरविली. 'टक्' झाले. ती ओरडून म्हणाली, "आजोबा, दिवे तसेच आहेत! अगदी थोडेसे मंद झाले."

आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. त्यांनी तिला कारण समजावून सांगितले. एका दिव्याला चार-पाच अँपिअर वीज पुरते. पण जड इंजिन फिरविणाऱ्या स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागते. बॅटरी रिकामी असती, किंवा तिच्या टोकांवर मळ चढून तिथली वाट अडली असती, तर स्टार्टरने वीज मागताच दिवे विझू विझू झाले असते. ते तेवतच राहिले, याचा अर्थ असा, की बॅटरीजवळ वीज आहे. मात्र ती स्टार्टरपर्यंत पुरेशी पोहोचत नाही, किंवा तेथून परतत नाही.

"परतत नाही?" मुलीने विचारले.

"वीज नुसती जाऊन भागत नाही, पोरी; तिला फिरून बॅटरीत यावे लागते. जाताना ती तारेतून जाते आणि येताना गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून येते. पण हादरे लागू नयेत म्हणून इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. तेव्हा इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी जोडतात. ती तुटली, की परतीची वाट बंद."

इतक्यात वडील म्हणाले, "बाबा, एक गोष्ट राहिलीच. मघाशी चोक ओढताना त्याची तार हाताला गरम लागली होती."

"अरे, मग हे आधी का नाही सांगितलेस?"

"कोणी विचारलेच नाही."

आजोबा हसले. राजरस्ता बंद झाला, की माणसे आडवाट धरतात. विजेनेही तेच केले होते. पट्टीची वाट तुटल्यामुळे ती चोकच्या बारीक तारेतून परतू पाहत होती आणि तेवढ्या ओझ्याने ती तार तापली होती. यंत्राने आपले दुखणे सांगितले होते. ऐकणाऱ्याने ते मनावर घेतले नव्हते.

तरीही आजोबांनी निकाल दिला नाही. "हा तर्क झाला, आता पुरावा हवा," असे ते म्हणाले. त्यांनी मुलाला गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक ओढावयास लावला. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून एक जाड तार मागून आणविली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे, बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या एका स्वच्छ बोल्टला पक्के जोडले. सर्वांना मागे सरकविले आणि मग किल्ली फिरवावयास सांगितले. इंजिन एका दमात सुरू झाले!

खाली वाकून पाहता पट्टी सापडली. गंजलेल्या बोल्टापाशी तिचे जवळजवळ सगळे धागे तुटले होते. चार-दोन कसेबसे उरले होते. ती जाड तारच तात्पुरती आवळून गाडी वाईस गेली. आठचे प्रवासी तोपर्यंत एस. टी.ने निघून गेले होते. दहाचे मात्र मिळाले. परतताना वडिलांनी ४५ रुपयांना नवी पट्टी आणली, बोल्ट पॉलिश पेपरने लख्ख घासला आणि ती बसविली.

रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमच्यामुळे माझी सायकल वाचली."

"तसे म्हणू नकोस," आजोबा म्हणाले. "स्टार्टरच जळालेला निघता, तर डबा रिकामा करावाच लागला असता. तपासण्याने खर्च नेहमी टळतोच असे नाही. पण पैसा खऱ्या दुखण्यावर खर्च होतो, भलत्यावर नाही. श्रीमंताची एखादी चूक खपून जाते; आपल्याला आधी पाहावे लागते. आणि पाहण्याला पैसे पडत नाहीत."

जूनमध्ये सायकल आली. तिसऱ्याच दिवशी मुलगी ती हाताने ढकलीत घरी आली. अंगणातून तिने हाक मारली, "आजोबा, सायकल..." आणि ती क्षणभर थांबली. सायकल भिंतीला टेकवून ती खाली बसली आणि तिने हाताने पायडल फिरवून पाहिले. मग ती म्हणाली, "आजोबा, पायडल फिरते, साखळीही फिरते, पण चढावर जोर दिला, की साखळी दात्यांवरून घसरते. साखळी सैल दिसते आहे."

ओटीवरून उत्तर आले, "मग पान्हा घे. दुखणे तर तू सांगितलेसच."