तिथी बघून समुद्र



नागावहून आल्यापासून मंदिरात भेटेल ती विचारते आहे, कॉटेज कुठलं घेतलं, भाडं किती, काय काय बघितलं. कॉटेजबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अलिबागच्या पुढे नागावात नारळ-पोफळीच्या वाड्यांतून अशी घरं पुष्कळ आहेत. ठरवताना एकच विचारून घ्या, आपला स्वयंपाक आपण करू देतात का आणि त्यासाठी वेगळी शेगडी मिळेल का. समुद्रकाठचं गाव आहे, घरोघरी मासळी शिजते. त्यांच्याच चुलीवर आपलं भांडं ठेवायची वेळ येऊ नये. आम्ही दोन पातेली, तवा, गाळणं आणि डबे घरूनच नेले होते.

आपल्या बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरकडच्या बायकांचा समुद्र म्हणजे गाडीने मुंबईला जाऊन चौपाटीवर तासभर बसणं. पण कर्जत, खोपोली, पेण, वडखळ या रस्त्याने गेलं तर अलिबाग मुंबईला न शिवता गाठता येतं. पेणला पोह्याचे पापड घ्या. (वडखळच्या पुढे रस्त्याच्या कडेने पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. आपल्या उपयोगाच्या नाहीत, पण दिसतात मात्र मोत्यांच्या सरासारख्या.)

निघायच्या आधी सूनबाईने मोबाईलवर यादी केली होती. तीन दिवसांत नऊ ठिकाणं. कुलाबा किल्ला, कनकेश्वर, किहीम, रेवदंडा, कोर्लई, काशीद, जंजिरा आणि आणखी दोन. यादी चांगली होती, पण त्यात आत्ती नव्हत्या.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८४. सांगलीकडचं माहेर, लग्नानंतर अंबरनाथ, मग बदलापूर. समुद्र त्यांनी लांबून दोन-तीनदा पाहिलेला, पाण्यात पाय कधी बुडवलेला नाही. गेल्या दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मागच्या पडद्याची झीज आहे, कडेचं दिसत राहील, पण मधलं हळूहळू जाईल. घरी आल्यावर आत्ती त्यावर काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी भाजी निवडताना म्हणाल्या, "अगं, ते अलिबागचं पाण्यातलं किल्ला म्हणतात, तिथं चालत जाता येतं म्हणे. खरं का?"

मी हो म्हटलं आणि पंचांग काढलं.

मैत्रिणींनो, हा सगळा लेख मी खरं तर या पंचांगासाठी लिहिते आहे. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे. भरतीला चारी बाजूंनी पाणी असतं, ओहोटीला वाळू उघडी पडते आणि माणूस चालत जातो. म्हणजे तिथलं घड्याळ समुद्राचं. आणि समुद्राचं घड्याळ तिथीवर चालतं. कोकणातले कोळी आणि खलाशी पिढ्यान्पिढ्या एक हिशेब करत आले आहेत, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. तिच्या आधी सहा-सव्वासहा तास पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज साधारण ४८ मिनिटं पुढे सरकते. ४८ मिनिटं म्हणजे आपलं एक सामायिक! हे लक्षात आल्यावर मला बी.कॉम.चा ताळेबंद जुळल्यासारखा आनंद झाला.

अष्टमी-चतुर्दशी आपल्याला झोपेतसुद्धा माहीत असतात. तेव्हा त्यांचाच हिशेब करून बघा. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती, ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. ऊन तर असतंच, शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि ओहोटीला फार मागेही जात नाही. किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहतं. चतुर्दशीला भरती साडेदहाला, ओहोटी दुपारी पावणेपाचला. त्या वेळी किल्ल्यात गेलं तर परत येऊन दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं कसं? शिवाय या दोन्ही दिवशी आपल्यापैकी बऱ्याच जणींचा उपवास. राहता राहिल्या द्वितीया ते चतुर्थी. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण अजून पूर्ण ओसरलेलं नसतं, त्यामुळे ओहोटीला पाणी चांगलं मागे जातं आणि तेही सकाळच्या कोवळ्या उन्हात. आम्ही माघ वद्य तृतीया धरली. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. मोबाईलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं त्याच्याशी ताडून बघा आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

त्या सकाळी सात वाजता आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर उभे होतो. किल्ल्यापर्यंत नेणाऱ्या घोडागाड्या लागलेल्या होत्या. यांनी आधीच मनात ठरवलेलं, आई गाडीत बसेल, आपण चालू. एक गाडी बोलावलीही. आत्ती घोड्याजवळ गेल्या, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ओल्या वाळूत ओढतंय बिचारं. मी नाही बसायची."

"आई, किलोमीटरभर तरी आहे. जायचं आणि यायचं."

"मग जाऊ की हळूहळू. वेळ हाय न्हवं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. वेळ होता, पण मोजून. ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे मिळून तीन तास धरले तरी आत्तींच्या चालीने जायला तास, यायला तास, किल्ल्यात एक तास. मी म्हटलं, साडेनऊला जिथे असू तिथून मागे फिरायचं, किल्ला बघून झालेला असो वा नसो. त्यावर सगळे तयार झाले.

आता अडचण निराळीच आली. आत्ती जन्मभर पायाखाली बघून चालल्या आहेत. मुंगी दिसली तर थांबणारी बाई. ओल्या वाळूत बारीक खेकड्यांची बिळं असतात, भोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या पसरलेल्या असतात. समोरचं नीट दिसत नाही म्हणून त्या पाऊलच उचलेनात. "काय तुडवतोय ते मला दिसत नाही गं," म्हणाल्या. डॉक्टरांकडून आल्यापासून डोळ्यांबद्दल त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. मला काय बोलावं सुचेना.

आमचा नातू आठ वर्षांचा. तो म्हणाला, "पणजी, मी पुढे चालतो, माझ्या पावलावर पाऊल टाक." आणि खरंच तसा चालला. "इथे बिळं, डावीकडे ये. इथे शंख चालतोय. आता सरळ." घरी ज्याला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही तो तासभर खाली मान घालून चालला. आत्तींच्या पायात उल्हासनगरच्या बाजारातून आणलेले कापडी बूट होते, रबरी तळव्याचे. मध्ये एका ठिकाणी घोट्याएवढं पाणी लागलं तेव्हा त्यांनी ते काढून हातात घेतले आणि पाण्यात तशाच उभ्या राहिल्या. लाट नव्हती, नुसतं पाणी हलत होतं. आम्ही कुणी घाई केली नाही. यांनी एकदाच घड्याळ बघितलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी दरवाज्याशी पोचलो. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केलं, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. आत इंग्लंडात ओतलेल्या दोन तोफा आहेत, १८४९ सालच्या, अजून चाकांच्या गाड्यावर उभ्या. नातू तिथेच रमला. आत्तींना मात्र गोड्या पाण्याचं नवल वाटलं. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याची विहीर. कठड्याला हात लावून त्या बराच वेळ वाकून बघत होत्या. किती दिसलं ते मी विचारलं नाही.

सव्वानऊला निघालो. परतीच्या वाटेवर घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी ते नडगीपर्यंत चढलं होतं. माझ्या मुलाने आत्तींचा एक हात धरला, मी दुसरा. सव्वादहाला किनाऱ्यावर. आमच्यामागून आलेल्या तरुण मुलांना घोडागाडीवाले हाका मारून बाहेर बोलावत होते.

त्या दिवशी आम्ही दुसरं काही केलं नाही. सूनबाई थोडी हिरमुसली, पण संध्याकाळी तीच म्हणाली, "आई, उद्याही एकच ठिकाण करूया."

दुसऱ्या दिवशी रेवदंडा आणि पुलापलीकडचं कोर्लई. दोन नावं, पण रस्ता एकच. रेवदंड्याचं गाव पोर्तुगीजांच्या तटाच्या आतच वसलं आहे, तटातून एसटी जाते. शेजारचं चौल हे फार जुनं व्यापारी बंदर. १५व्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला होता. कोर्लईला किल्ल्यावर चढायला आत्तींना आणि मला जमणार नव्हतं, आम्ही खाली गावात बसलो. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांत अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली बोलतात. पोर्तुगीज १७४० साली गेले, बोली राहिली. दोन बायका ओट्यावर बसून बोलत होत्या, आम्हाला शब्द कळत नव्हता, पण हेल आपल्यासारखाच. आत्ती म्हणाल्या, "सुनेचं काहीतरी सांगतीय ती." आम्ही दोघी खूप हसलो.

जेवणाचं विचाराल म्हणून सांगते. सकाळी दशम्या, सुकी चटणी, भडंग बरोबर. दुपारी घरी भात-आमटी. संध्याकाळी सहाला सगळे जेवायला बसलेले. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणजे आवरून, तोंड धुऊन, पाणी पिऊन किनाऱ्यावर जायला वेळ उरतो. बाकीची मंडळी सूर्यास्ताचे फोटो काढून मग जेवण कुठे मिळेल म्हणून धावत असतात. आपण पोटभर जेवून निवांत बसलेलो. सूनबाई लग्नाआधी रात्री जेवणाऱ्या घरातली. तीही म्हणाली की इथे हे सोयीचं आहे.

जंजिरा केला नाही. राजपुरीहून होडीने जावं लागतं आणि हलत्या होडीतून पायऱ्यांवर उतरायचं असतं. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी जरूर जा, पावसाळ्यात मात्र होड्या बंद असतात. किहीमलाही जायचं राहिलं. सलीम अलींनी तिथेच सुगरण पक्ष्याची घरटी पाहून अभ्यास केला होता, नातवाला ते दाखवायचं आहे. अलिबागची वेधशाळा आम्ही रस्त्यावरूनच पाहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापाचं काम कुलाब्याहून इकडे हलवलं, १९०४ साली.

घरी आल्यावर आत्तींनी दिनदर्शिका माझ्याकडे आणून दिली आणि विचारलं, फाल्गुन वद्य तृतीया कुठल्या वारी येते. मी सांगितलं. ऊन वाढलेलं असेल, पण ओहोटी आठलाच आहे.