आपापसातलं

प्रत्येक वसतिगृहाची एक गोष्ट असते. फार वर्षांपूर्वी कोपऱ्यातल्या खोलीत एका मुलीचा खून झाला आणि तेव्हापासून ती खोली बंद आहे! कोणत्या साली, मुलगी कुठल्या गावची, पुढं खटल्याचं काय झालं, असलं काही विचारायचं नसतं. विचारलंच, तर सांगणारी म्हणते, "आम्हांला आमच्या सीनियरनी सांगितलंय." त्या सीनियरलाही तिच्या सीनियरनीच सांगितलेलं असतं. अकरावीपासून आजवर मी तीन वसतिगृहांत राहिले आणि तिन्हीकडे ही गोष्ट ऐकली. एके ठिकाणी ती बंद खोली म्हणजे जुन्या गाद्यांची कोठी निघाली, तरी गोष्ट काही मेली नाही. दिवे गेले की ती पुन्हा सुरू होई आणि ऐकणाऱ्या एकमेकींच्या अंथरुणात शिरत. खरं सांगायचं तर त्यात मजाही वाटत असे.

या गोष्टींत बारीकसारीक फरक असतात, पण मारेकरी बदलत नाही. तो बाहेरचा असतो. भिंतीवरून उडी टाकून येतो आणि भिंतीवरूनच पसार होतो. कॉलेजातलाच मुलगा, शिपाई, कुणाचा मित्र, कुणाचा भाऊ, असा मारेकरी मी एकाही गोष्टीत ऐकलेला नाही.

अकरावी-बारावीला मी ज्या गावी होते, तिथलं वसतिगृह कॉलेजच्या आवारातच होतं. गावाचं नाव सांगत नाही. ते सांगून कुणाचं भलं होणार नाही. त्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री मागच्या भिंतीपाशी कुणीतरी उभं असल्याचं एका मुलीनं पाहिलं. ती ओरडली, मग आम्ही सगळ्याच ओरडलो. दुसऱ्या दिवशी बैठक झाली. आठवड्याच्या आत गवंडी आला, भिंत दोन फूट वाढली, वर सिमेंटमध्ये बाटल्यांच्या काचा बसल्या. संध्याकाळी आत येण्याची वेळ साडेसातची होती, ती साडेसहा झाली. भिंतीलगत एरंडाचं एक झुडूप होतं, तेही तोडलं. तो माणूस पुन्हा कुणाला दिसला नाही. माझा संशय अजूनही त्या झुडपावरच आहे.

त्याच वर्षी स्नेहसंमेलन आटोपल्यावर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर माझ्या मैत्रिणीला तिच्याच वर्गातल्या मुलानं मारलं. 'थोबाडीत दिली' असं नंतर सांगण्यात आलं. मी तिथं होते. त्यानं तिचं डोकं कठड्यावर आपटलं. भुवईच्या वर तीन टाके पडले. इतर मुलांशी बोलू नकोस, असं तो महिनाभर तिला बजावत होता आणि ती बोलत राहिली, एवढंच कारण. निदान वीस जणांनी पाहिलं असेल. कार्यालयात तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो हा : "तुमची आधीपासून ओळख होती का?" ती 'हो' म्हणाली. "मग हे तुमचं आपापसातलं आहे."

दोघांच्या पालकांना बोलावणं गेलं. मुलाकडून माफीपत्र लिहून घेतलं आणि ते कपाटात गेलं. पोलिसांत जाण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुलीच्याच नावाची काळजी सर्वांना अधिक वाटू लागली. तिचे वडील तिला घरी घेऊन गेले. बारावीची परीक्षा तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. मुलगा जानेवारीत गोळाफेकीत दुसरा आला.

'आपापसातलं' हा शब्द किती निरागस दिसतो! भावाभावांच्या वाटण्या, शेजाऱ्यांची कुरबुर, नवराबायकोची धुसफूस यांच्यासाठी तो आपण सहज वापरतो, आणि त्यात थोडा सभ्यपणाही आहे : दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसू नये. पण टाके पडल्यावर तो उच्चारला की त्याचं काम पालटतं. गुन्हा नाहीसा होतो आणि 'प्रकरण' उरतं. प्रकरण म्हटलं की लोक मारणाऱ्याकडे बघत नाहीत, मुलीकडे बघतात. मुलांच्या वसतिगृहात याच शब्दाचा सख्खा भाऊ राहतो, त्याचं नाव 'गंमत'. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीनंतर मरण पावला, तेव्हा कुठं देशभर रॅगिंगविरोधी नियम कडक झाले. आपल्या महाराष्ट्रात तर त्याविरुद्धचा कायदा १९९९ पासून होता. कायदा असतो, पण गंमत चाललेली असताना तो कुणाला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ शिकायला अमेरिकेला निघाला. तिथल्या विद्यापीठानं इतर माहितीबरोबर एक वार्षिक सुरक्षा अहवाल पाठवला होता. मावशीनं तो चष्मा लावून वाचला आणि मला हाक मारली. "अगं, हे बघ! चोऱ्या, मारामाऱ्या, जाळपोळ, बलात्कारसुद्धा! तीन-तीन वर्षांचे आकडे! आणि हे वर छापतात! असल्या ठिकाणी पोराला धाडायचं?" मी विचारलं, "दादा इथं ज्या कॉलेजात होता, तिथं किती झाले गं?" मावशी म्हणाली, "तिथं कुठं काय होतंय? कधी काही ऐकलं नाही."

मावशीचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. छापलेला आकडा दिसतो, न छापलेला दिसत नाही. कोणतीही आई असंच वाचील. पण हे आकडे तिकडे छापतात तरी का, या कुतूहलापोटी मी शोध घेतला, समाजशास्त्राच्या बाईंना विचारलं, आणि एका मुलीच्या हकिकतीपाशी येऊन थांबले.

तिचं नाव जीन क्लेरी. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावी लीहाय विद्यापीठ आहे, तिथं ती पहिल्या वर्षाला होती, वय १९. तिचे भाऊ ट्यूलेन विद्यापीठात शिकलेले. तिलाही तिकडंच पाठवायचा विचार होता. पण तिथल्या एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचं कळलं आणि आईवडिलांनी बेत बदलला. लीहाय शांत, टेकडीवरचं, झाडीतलं. मावशीनं पाहताक्षणी पसंत केलं असतं असं. ५ एप्रिल १९८६ रोजी पहाटे जीनचा तिच्या वसतिगृहाच्या खोलीत बलात्कार करून खून झाला. मारणारा भिंतीवरून आलेला नव्हता. तो त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. जीनची त्याची ओळख नव्हती, पण तो बाहेरचाही नव्हता. आपोआप बंद होणारी दारं मुलांनी मित्रमैत्रिणींना येता-जाता यावं म्हणून खाण्याच्या रिकाम्या खोक्यांची अडण लावून उघडी ठेवली होती. आपण सुरक्षित जागी आहोत, हा सर्वांचा ठाम समज. त्या समजानंच दार उघडं राहिलं.

आईवडिलांना नंतर कळलं की त्याआधीच्या तीन वर्षांत त्या विद्यापीठात ३८ हिंसक गुन्हे घडले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याची कुणावर सक्तीही नव्हती. ट्यूलेनची बातमी फुटली म्हणून ते धोक्याचं ठरलं, लीहायची फुटली नाही म्हणून ते सुरक्षित ठरलं. क्लेरी दांपत्य त्या दुःखातून उठून कायद्याच्या मागं लागलं. १९९० मध्ये तो झाला आणि १९९८ पासून जीनच्या नावानं ओळखला जाऊ लागला. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयानं आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचे गेल्या तीन वर्षांचे आकडे दरवर्षी जाहीर करायचे आणि धोका उद्भवला तर विद्यार्थ्यांना वेळीच कळवायचं. मावशी ज्याला भ्याली, तो हा कागद.

कायदा आला म्हणजे शब्द गेला असं मात्र नाही. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांचा समज झाला की हा प्रेमातल्या भांडणाचा प्रकार, आणि त्या मुलीच्या मित्राचा शोध सुरू झाला. त्या बिचाऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता. आपल्याकडचा तो शब्द त्यांना ठाऊक नसेल, अर्थ तोच. सर्व विद्यार्थ्यांना पहिली सूचना गेली ती ९ वाजून २६ मिनिटांनी. नंतर पाव तासाच्या आतच तोच मारेकरी नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत शिरला, दारांना आतून साखळ्या घातल्या, आणि तिथं ३० जण मारले. एकूण ३२. जलशास्त्र शिकवणारे मूळचे तमिळनाडूचे प्रा. जी. व्ही. लोगनाथन वर्ग घेत असताना गेले, आणि त्यांच्याच वर्गात बसलेली, मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक मुलगीही. मारेकरी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आधी कळवलं असतं तर किती वाचले असते, हे कुणी सांगू शकणार नाही. सूचना उशिरा दिली म्हणून विद्यापीठानं पुढं ३२,५०० डॉलर दंड भरला. बत्तीस माणसं, बत्तीस हजार पाचशे डॉलर! हिशेब असा मांडू नये, पण नजर तिथं जातेच.

आपल्याकडं वळू या. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात विदर्भातून आलेल्या एका १८ वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला. संशय तिथल्याच रखवालदारावर आला. तो वर्षानुवर्षं तिथं कामाला होता आणि त्याच दिवशी रेल्वेरुळांवर मेलेला आढळला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीच्या एका शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिला मारण्यात आलं. जानेवारी २०२५ मध्ये ज्याला जन्मठेप झाली, तो पोलिसांच्या मदतीसाठी नेमलेला स्वयंसेवक होता. म्हणजे दोन्ही ठिकाणी बोट गेलं ते राखणीसाठी ठेवलेल्याकडंच. कोलकात्यानंतर तिथल्या सरकारनं सुचवलं काय? तर शक्य तिथं बायकांना रात्रपाळी देऊ नये! सर्वोच्च न्यायालयानं त्यावर सुनावलं, ते बरं झालं. पण सूचना वाचताना मला आमची साडेसहाची वेळ आठवली. गुन्हा कुणीही करो, दार मुलींसाठी लवकर लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम स्पष्ट सांगतात की सुरक्षिततेचं कारण पुढं करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांहून वेगळी बंधनं घालू नयेत. हा नियम कुठल्या वसतिगृहाच्या फलकावर लावलेला कुणी पाहिला असेल तर मला जरूर कळवावं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षामागून वर्षं एक गोष्ट दिसते. बलात्काराच्या नोंदलेल्या शंभर प्रकरणांपैकी नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो : नातलग, शेजारी, मित्र, सहकारी. आणि हे नोंदलेल्यांचं झालं. ओळख आहे म्हणून कपाटात गेलेली माफीपत्रं यात धरलेली नाहीत.

हे सारं वाचूनही भीती आपल्या जुन्याच वाटेनं चालते. रात्री ग्रंथालयातून परतताना मागं पावलं वाजली की मी वळून बघते. अनोळखी माणूस असला तर काळीज धडधडतं, वर्गातला मुलगा असला तर हायसं वाटतं. आकडे त्या क्षणी डोक्यात नसतात, ती बंद खोलीची गोष्ट असते. म्हणून आप्पांना मी हसत नाही. मला प्रवेश घ्यायला आले तेव्हा एसटीतून उतरल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. आधी वसतिगृहाभोवती एक फेरी मारली, भिंतीवर हात ठेवून पाहिला, रखवालदाराला नाव-गाव विचारलं. शेतकऱ्याचा जीव, कुंपण पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आणि रानडुकरं बाहेरूनच येतात, हेही खरंच आहे.

येत्या जूनमध्ये धाकटीचा प्रवेश आहे. आप्पा म्हणतात, "भिंत मी बघतो, बाकीचं तू बघ." बाकीचं म्हणजे काय ते मी ठरवलं आहे. २०१५ च्या त्याच नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात तक्रार समिती हवी, आणि वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, याचा अहवाल दरवर्षी आयोगाकडं जायला हवा. तो आकडा मी कार्यालयात विचारणार आहे. आठ-दहा सांगितला तर आप्पा माझ्याकडं वळून बघतील, आणि एसटी स्टँडवर परत जाईपर्यंत मला त्यांना मावशीच्या त्या कागदाची हकिकत सांगावी लागेल. भाऊसाहेबांनी वही न उघडताच 'निरंक' म्हटलं, तर पुढचा प्रश्न तयार आहे : तक्रार घ्यायला बसतं कोण, कोणत्या खोलीत, आणि ती खोली किती वाजेपर्यंत उघडी असते?